डॅन मरीनोचा १९८४ चा हंगाम : ४८ टचडाउन पासांचे गणित

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये मियामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा पास फेकणारा खेळाडू, डॅन मरीनो याने १९८४ च्या हंगामात पासांतून ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास (ज्या पासावर चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे जाऊन गुण मिळतात) अशी कामगिरी केली. पुढे टॉम ब्रेडीने २००७ मध्ये ५० आणि पेटन मॅनिंगने २०१३ मध्ये ५५ टचडाउन पास टाकले. तरीही आकडेवारीची चर्चा निघाली की जुनी मंडळी १९८४ वरच येऊन का थांबतात? त्याला जोडून दोन उपप्रश्न आहेत. त्या वर्षाचे मरीनोचे पासर रेटिंग, म्हणजे पास टाकण्याच्या कामगिरीचा एकत्रित आकडा, १०८.९ होते, तर हा आकडा नेमका कसा काढतात? आणि तो आजच्या काळात खेळता तर त्याने किती टचडाउन पास टाकले असते?

माझे काम आकडे नोंदवण्याचे आहे. तरुणपणी मुंबईच्या मैदानांवर क्रिकेटचे स्कोअरबुक भरले आणि गेली बावीस वर्षे न्यू जर्सीत एका शाळेच्या फुटबॉल सामन्यांची आकडेनोंद करतो आहे. शुक्रवारी रात्री मैदानाच्या वरच्या खोलीत आम्ही दोघे बसतो. जोडीदार दुर्बिणीतून पाहत "बारा ते एक्याऐंशी, एकोणीस यार्ड, टॅकल सात" (बारा क्रमांकाचा पास एक्याऐंशीने पकडला, सात क्रमांकाने त्याला पाडले) असे सांगत जातो आणि मी ते तक्त्यात उतरवतो. पास पकडल्यावर रिसीव्हर किती पळाला, तो मोकळा सुटला होता की दोघांच्या मध्ये उडी मारून त्याने चेंडू घेतला, यांपैकी काहीही त्या तक्त्यात राहत नाही. राहतात ते एकोणीस यार्ड. त्यामुळे या खेळातला कोणताही मोठा आकडा समोर आला की त्याच्या आत काय काय मिसळले आहे हे आधी पाहायची सवय मला लागली आहे, आणि मरीनोचा हंगामही मी त्याच सवयीने वाचतो.

आधी कच्चा हिशेब मांडू. मरीनोने १६ सामन्यांत ५६४ पास टाकले, त्यांपैकी ३६२ पकडले गेले, त्यांतून ५,०८४ यार्ड मिळाले, ४८ वेळा टचडाउन झाले आणि १७ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला, म्हणजे इंटरसेप्शन झाले. पूर्वीचा टचडाउनचा विक्रम ३६ चा होता. जॉर्ज ब्लँडाने तो १९६१ मध्ये केला होता आणि वाय. ए. टिटलने १९६३ मध्ये त्याची बरोबरी केली होती. यार्डांचा विक्रम डॅन फाउट्सचा होता, १९८१ मधील ४,८०२. यार्डांचा विक्रम सहा टक्क्यांहूनही कमी फरकाने मोडला, पण टचडाउनच्या विक्रमात एका फटक्यात तिसरा हिस्सा नव्याने भरला गेला. ब्लँडा आणि टिटल यांचे हंगाम १४ सामन्यांचे होते, ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितलीच पाहिजे. त्यांचे ३६ हे १६ सामन्यांच्या मापात बसवले तर ४१ होतात. म्हणजे सामन्यांची वाढ वजा केली तरी सात टचडाउनचे अंतर उरते.

अमेरिकन फुटबॉल फारसे न पाहणाऱ्यांसाठी एका आकड्यापाशी थोडे थांबतो, कारण माझ्या मते या हंगामाचे मर्म त्यातच आहे. चेंडू हाती असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. मरीनोचे ५,०८४ यार्ड ५६४ पासांनी भागले की प्रत्येक पासामागे ९.० यार्ड येतात, आणि या ५६४ मध्ये जमिनीवर पडलेले, बाहेर गेलेले आणि प्रतिस्पर्ध्याने पळवलेले असे सगळेच पास धरलेले आहेत. म्हणजे हा माणूस चेंडू फेकायला हात मागे नेतो तेव्हाच, सरासरीच्या हिशेबाने, दहा यार्डांच्या अटीतले नऊ यार्ड संघाच्या खात्यात जमा झालेले असतात. आता त्याच्याच शेजारी ६४.२ टक्के पास पकडले गेल्याचा आकडा ठेवा. त्या वर्षी संपूर्ण व्यावसायिक लीगची, म्हणजे एनएफएलची, सरासरी ५६ टक्क्यांच्या थोडी वर होती. सामान्यतः या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात: लांबचे पास टाकले की पडणाऱ्या पासांची संख्या वाढते आणि जवळजवळचे पास टाकले की टक्केवारी सुधारते, पण यार्ड घटतात. फलंदाजाने सरासरी आणि धावांचा वेग दोन्ही एकाच हंगामात संघातल्या कोणाहीपेक्षा वर नेऊन ठेवावेत, तसे हे आहे. मरीनो लांब फेकत होता आणि तरीही त्याचे पास पडत नव्हते.

आता पासर रेटिंगचे गणित. अनेकांना हा आकडा गूढ वाटतो. प्रत्यक्षात ती चार भागांची साधी रीत आहे आणि ती १९७३ पासून वापरात आहे. पकडल्या गेलेल्या पासांचे प्रमाण, प्रत्येक पासामागचे यार्ड, टचडाउनचे प्रमाण आणि इंटरसेप्शनचे प्रमाण या चारांना वेगवेगळे गुण देतात, त्यांची बेरीज करून सहाने भागतात आणि शंभराने गुणतात. मरीनोचेच आकडे घालून पाहू. त्याचे पास पकडले जाण्याचे प्रमाण ०.६४१८, त्यातून ०.३ वजा करून पाचाने गुणले की १.७०९. यार्ड ९.०१४, त्यातून तीन वजा करून चाराने भागले की १.५०४. टचडाउनचे प्रमाण ०.०८५१, त्याला वीसने गुणले की १.७०२. इंटरसेप्शनचे प्रमाण ०.०३०१, त्याला पंचवीसने गुणून आलेले ०.७५४ हे २.३७५ मधून वजा केले की १.६२१. चारांची बेरीज ६.५३६, तिला सहाने भागून शंभराने गुणले की १०८.९. कागद-पेन्सिलीने हे पाच मिनिटांत होते, आणि नव्याने आमच्या खोलीत बसणाऱ्या मुलांकडून मी ते एकदा तरी हाताने करून घेतो.

या रीतीत दडलेली गंमत अशी की प्रत्येक भागात बरोबर एक गुण केव्हा मिळतो हे उलटे काढता येते. निम्मे पास पकडले गेले, पासामागे सात यार्ड मिळाले, शंभरात पाच टचडाउन आणि साडेपाच इंटरसेप्शन झाले, की प्रत्येकी एक गुण मिळून रेटिंग ६६.७ येते. रीत बसवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या काळातला बेताचा क्वार्टरबॅक असा होता. मरीनोचे चार आकडे त्याच क्रमाने लिहिले तर ६४.२ टक्के, ९.० यार्ड, शंभरात ८.५ टचडाउन आणि शंभरात ३.० इंटरसेप्शन असे होतात. चारही खात्यांत तो त्या बेताच्या खेळाडूच्या बराच पुढे आहे, एकाच खात्याच्या जोरावर रेटिंग फुगलेले नाही. प्रत्येक भागाला २.३७५ गुणांची कमाल मर्यादाही आहे, आणि तिची झळ त्याला हंगामाच्या पहिल्याच दिवशी लागली. २ सप्टेंबर १९८४ रोजी वॉशिंग्टनविरुद्ध त्याने २८ पैकी २१ पास पूर्ण करून ३११ यार्ड आणि पाच टचडाउन मिळवले. टचडाउनच्या खात्यात रीतीप्रमाणे ३.५७ यायला हवे होते, पण २.३७५ वरच थांबावे लागले आणि रेटिंग १५०.४ भरले. जास्तीत जास्त १५८.३ मिळू शकतात.

रेटिंग काय सांगत नाही, हेही सांगायला हवे. क्वार्टरबॅक स्वतः किती पळाला हे त्यात नसते; मरीनोच्या बाबतीत त्याने फरक पडत नाही, कारण त्या हंगामात पळण्यातून त्याची कमाई शून्याच्याही खालीच होती. मोठी उणीव आहे ती सॅकची, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले जाण्याची. येथे आमच्या धंद्यातला एक बारकावा आहे. शाळा-कॉलेजच्या नोंदीत सॅकमध्ये गेलेले यार्ड संघाच्या धावण्याच्या यार्डांतून वजा करतात, आणि व्यावसायिक लीगमध्ये ते संघाच्या पासच्या यार्डांतून वजा करतात, पण क्वार्टरबॅकच्या वैयक्तिक खात्याला हात लावत नाहीत. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षी एका सामन्यात व्यावसायिक पद्धतीने नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांच्या धावण्याच्या आकड्यांत मेळ बसेना. तेव्हा मरीनोचे ५,०८४ हे ढोबळ यार्ड आहेत. सॅकमध्ये संघाने आणखी १२० यार्ड गमावले.

पण तो पडला किती वेळा? संपूर्ण हंगामात फक्त १३ वेळा. पास आणि सॅक मिळून ५७७ वेळा तो चेंडू घेऊन मागे गेला, म्हणजे साधारण चव्वेचाळीस वेळांत एकदा. हे ज्या वर्षी घडले ते वर्ष लक्षात घ्या : न्यूयॉर्क जेट्सच्या मार्क गॅस्टिनोने त्याच हंगामात एकट्याने २२ सॅक केले आणि शिकागो बेअर्सने संघ म्हणून ७२. क्वार्टरबॅकला पाडण्याची कला ऐन भरात असताना मरीनोला मात्र सोळा सामन्यांत तेरा वेळाच पाडता आले. याचे श्रेय त्याला वाचवायला समोर उभ्या लाइनमनना जाते, विशेषतः मधल्या जागेवरच्या (सेंटर) ड्वाइट स्टीफन्सनला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण तेवढेच श्रेय मरीनोच्या हाताला जाते. जुनी चित्रफीत पाहा. तो चेंडू कानाजवळ उंच धरून उभा असतो, हात मागे फारसा जातच नाही, आणि मनगटाच्या एका झटक्यात चेंडू सुटतो. इतर क्वार्टरबॅक जिथे हात खाली आणून वर्तुळ पुरे करतात, तिथे याचा चेंडू निम्म्या वाटेवर पोहोचलेला असतो. पायांनी तो बेताचाच होता. बचावपटूंच्या तावडीतून पळून सुटण्याऐवजी तो चेंडूच आधी सोडून मोकळा होत असे.

आकडे फुगण्याचे श्रेय नियमांना किती द्यायचे, हा रास्त प्रश्न आहे. १९७८ मध्ये दोन मोठे बदल झाले. चाल जिथून सुरू होते त्या रेषेपासून पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्के देण्यास बचावपटूंना मनाई झाली, आणि पुढच्या लाइनमनना हात लांब करून, तळवे उघडे ठेवून अडवण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी हंगाम १४ वरून १६ सामन्यांचा झाला. म्हणजे पास टाकणाऱ्यासाठी दार उघडले गेले होते हे खरे. परंतु ते सर्व २८ संघांसाठी उघडले होते, आणि सहा हंगाम उघडेच होते. त्या सहा हंगामांत कोणाही क्वार्टरबॅकला ३३ च्या पुढे जाता आले नाही. ३३ फाउट्सचे, १९८१ मधील. १९८४ मध्येही मरीनोखालोखाल सर्वाधिक टचडाउन पास सिअ‍ॅटलच्या डेव्ह क्रेगचे होते, ३२. मरीनोने बाराव्या सामन्याअखेरच ३२ पूर्ण केले होते. नंतरच्या चार सामन्यांत त्याने प्रत्येकी चार, म्हणजे आणखी सोळा टाकले. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस जिथे सोळा सामन्यांनंतर पोहोचला तिथे पहिला बारा सामन्यांनंतर पोहोचला होता, एवढे सांगितले तरी नियमांच्या मुद्द्याचे बरेचसे उत्तर मिळते.

नियमांपेक्षा जास्त वजन मी डॉन शुला या प्रशिक्षकाच्या निर्णयाला देतो. शुलाचा १९७२ चा संघ एकही सामना न हरता विजेता झाला, तो पास न टाकता चेंडू घेऊन धावण्याच्या जोरावर. त्या काळातल्या दोन सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यांत), १९७३ आणि १९७४ च्या जानेवारीत, त्याच्या क्वार्टरबॅकने, बॉब ग्रीसीने, अनुक्रमे ११ आणि ७ पास टाकले, दोन्ही जिंकले. सात पासांत सुपर बोल जिंकणाऱ्या माणसाने दहा वर्षांनी तेविशीतल्या पोराला एका हंगामात ५६४ पास टाकू द्यावेत, याला हिंमत लागते. बहुतेक यशस्वी प्रशिक्षक ज्या पद्धतीने जिंकले तीच पद्धत नव्या खेळाडूंच्या गळ्यात मारतात. शुलाने मरीनोच्या हाताकडे पाहून सगळी आखणीच बदलली, आणि त्या वर्षी संघाच्या एकाही धावणाऱ्या खेळाडूने हजार यार्ड गाठले नसताना डॉल्फिन्सने ५१३ गुण करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला.

मरीनो त्याच्या हाती लागला हाच मुळात योगायोग. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे खेळाडू संघांनी क्रमाने निवडण्याच्या पद्धतीत, मरीनोच्या आधी पाच क्वार्टरबॅक निवडले गेले : जॉन एल्वे, टॉड ब्लॅकलेज, जिम केली, टोनी ईसन आणि केन ओब्रायन. पिट्सबर्गमध्येच जन्मून पिट विद्यापीठाकडून खेळलेल्या मरीनोचे शेवटचे कॉलेज वर्ष वाईट गेले होते, १७ टचडाउनला २३ इंटरसेप्शन, आणि म्हणून तो सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला. पहिल्या वर्षी सहाव्या सामन्यापासून त्याला संघात घेतले आणि त्याने २० टचडाउनला केवळ सहा इंटरसेप्शन केले. १९८४ ची चाहूल तिथेच लागली होती.

रिसीव्हरांबद्दल न बोलता हे उत्तर अपुरे राहील. मार्क क्लेटन आणि मार्क ड्युपर ही जोडी मियामीत 'मार्क्स ब्रदर्स' म्हणून ओळखली जाई. दोघेही उंचीने कमी, दोघेही विजेसारखे. १९८४ मध्ये क्लेटनने ७३ झेलांत १,३८९ यार्ड आणि १८ टचडाउन केले, आणि एका हंगामातील टचडाउन झेलांचा तो तेव्हाचा विक्रम होता. ड्युपरने ७१ झेलांत १,३०६ यार्ड आणि आठ टचडाउन. प्रत्येक झेलामागे एकाचे १९ आणि दुसऱ्याचे १८ यार्डांहून अधिक. बचावाला यात निवड करायला जागाच उरत नाही, कारण एकाला दोघांनी घेरले तर दुसरा मोकळा सुटतो, आणि दोघांनाही घेरले तर मधल्या भागात टोनी नेथन किंवा नॅट मूर उभे असतात. मरीनोच्या यार्डांत या मंडळींच्या पायांचा वाटा मोठा आहे, आणि तो वेगळा काढण्याची पद्धत त्या काळच्या अधिकृत नोंदीत नव्हती. पण क्लेटन हा ड्राफ्टच्या आठव्या फेरीत मिळालेला खेळाडू होता, हेही विसरून चालणार नाही. आठव्या फेरीतल्या माणसाने विक्रम करावा, तेव्हा त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या चेंडूत काही तरी असणारच.

सतरा इंटरसेप्शनचे काय? आजच्या डोळ्यांना हा आकडा खटकतो. ब्रेडीने २००७ मध्ये आठ आणि मॅनिंगने २०१३ मध्ये दहाच दिले. १९८४ मध्ये लीगमध्ये शंभर पासांमागे साधारण चार इंटरसेप्शन होत आणि मरीनोचे प्रमाण तीन होते, तेव्हा आपल्या काळात तो बेफिकीर नव्हता. तरीही ही त्या हंगामाची खरी दुखरी बाजू आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण २ डिसेंबरचा लॉस एंजेलिस रेडर्सविरुद्धचा सामना. मरीनोने त्या दिवशी ४७० यार्ड आणि चार टचडाउन केले. ३६ च्या विक्रमाची बरोबरी आधीच्या सामन्यात झाली होती, तो याच सामन्यात मोडला. आणि डॉल्फिन्स ४५-३४ असे हरले. रेडर्सच्या माइक हेन्सने आपल्या गोलरेषेजवळ मरीनोचा पास पकडला आणि ९७ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. तक्त्यात ही घटना 'इंटरसेप्शन, एक' एवढीच दिसते. पण मियामीचे सात गुण होण्याच्या बेतात असताना ते समोरच्या संघाला मिळाले, म्हणजे चौदा गुणांचा फेर पडला, आणि सामना अकरा गुणांनी गेला. अर्थात हार एकट्या त्याच्या माथी मारणेही चूक ठरेल, कारण ४५ गुण देणारा बचाव क्वार्टरबॅकच्या हातात नसतो. डॉल्फिन्सच्या बचावाची घडी बसवणारे बिल आर्न्सपार्गर १९८३ नंतर संघ सोडून गेले होते आणि १९८४ च्या उत्तरार्धात ते जाणवत होते. हंगामातले दोन्ही पराभव, सॅन डिएगोविरुद्ध ३४-२८ आणि हा, भरपूर गुण करूनही झालेले आहेत.

या सर्वांचा परिपाक २० जानेवारी १९८५ रोजी स्टॅनफर्डच्या मैदानावर दिसला. त्याआधी पिट्सबर्गविरुद्ध मरीनोने ४२१ यार्ड आणि चार टचडाउन करून संघाला ४५-२८ असे जिंकून दिले होते. सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सविरुद्ध पहिल्या सत्राअखेर डॉल्फिन्स १०-७ असे पुढेही होते. मग सॅन फ्रान्सिस्कोने मागे जादा बचावपटू उभे केले आणि पुढे चौघांनाच मरीनोच्या अंगावर सोडले. एरवी अशा बचावाला धावण्याच्या चालींनी शिक्षा करतात, कारण पुढे अडवायला माणसेच कमी असतात. मियामीजवळ ते हत्यार नव्हते. संपूर्ण सामन्यात त्यांनी पास ५० टाकले आणि धावण्याच्या चाली केवळ नऊ केल्या, त्यांतून २५ यार्ड मिळाले. हंगामभरात तेरा वेळा पडलेला मरीनो त्या एका सामन्यात चार वेळा पडला, दोन इंटरसेप्शन झाले आणि निकाल ३८-१६ लागला. जो मॉन्टानाने समोरून ३३१ यार्ड आणि तीन टचडाउन टाकले. हा सामना हंगामाच्या आकड्यांत धरला जात नाही, पण आकडे वाचताना मी तो बाजूला ठेवत नाही, कारण ५६४ पासांच्या हंगामाची उलटी बाजू त्यात स्पष्ट दिसते : पासवर एवढा भार टाकला गेला होता, याचे एक कारण दुसरे काही टाकायला नव्हते हेही होते. मरीनो १९९९ पर्यंत खेळला आणि पुन्हा सुपर बोलला पोहोचला नाही.

आता तुलना. वेगवेगळ्या काळातले आकडे समोरासमोर ठेवण्याऐवजी मी प्रत्येक विक्रमवीर आपल्याच वर्षातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या किती पुढे होता हे पाहतो. रीत ओबडधोबड आहे, पण नियम, हवामान आणि फॅशन दोघांनाही सारखेच लागू असल्यामुळे तिच्यात लबाडी कमी शिरते. मॅनिंगने २००४ मध्ये ४९ टाकून मरीनोचा विक्रम मोडला तेव्हा दुसरा डॉन्टे कल्पेपर ३९ वर होता, म्हणजे मॅनिंग सव्वा पट. २००७ मध्ये ब्रेडीच्या ५० खाली टोनी रोमोचे ३६, म्हणजे १.३९ पट. २०१३ मध्ये मॅनिंगच्या ५५ खाली ड्रू ब्रीसचे ३९, म्हणजे १.४१ पट. १९८४ मध्ये मरीनोच्या ४८ खाली क्रेगचे ३२ : बरोबर दीडपट. शिवाय १९८४ नंतर वीस वर्षे एका हंगामातील टचडाउन पासांच्या यादीत पहिले नाव मरीनोचे होते आणि १९८६ पासून दुसरेही मरीनोचेच, त्या वर्षीचे ४४.

सॅक आणि इंटरसेप्शनची किंमत वजा करणारे एक माप आम्ही वापरतो. त्यात यार्डांमध्ये प्रत्येक टचडाउनचे २० यार्ड मिळवतात, प्रत्येक इंटरसेप्शनचे ४५ आणि सॅकमध्ये गेलेले यार्ड वजा करतात, आणि पास अधिक सॅक यांनी भागतात. मरीनोचे ८.९४ येतात, ब्रेडीचे २००७ मध्ये ८.८८, मॅनिंगचे २०१३ मध्ये ८.८७. सतरा इंटरसेप्शनचा पुरा दंड भरूनही मरीनो केसभर पुढे राहतो. मात्र या मापावर मॅनिंगचे २००४ चे वर्ष ९.७८ आणि अ‍ॅरन रॉजर्सचे २०११ चे वर्ष ९.३९ असे मरीनोच्या स्पष्ट वर आहे, आणि पासामागे किती उत्पन्न एवढाच निकष लावायचा तर मी स्वतः २००४ ला पहिला क्रमांक देईन. १९८४ च्या भक्तांना हे आवडत नाही, त्याला माझा इलाज नाही.

राहिला आज खेळता तर किती, हा उपप्रश्न. काळाचा गुणक लावून साठ-पासष्ट असे आकडे काढणारे लोक भेटतात. मी त्या वाटेला जात नाही, कारण आजच्या नियमांबरोबर आजचे बचावही येतात आणि क्लेटन-ड्युपर येत नाहीत. मरीनोच्या स्वतःच्या आकड्यांतून जेवढे निघते तेवढे सांगतो. मॅनिंगने २०१३ मध्ये ५५ टचडाउनसाठी ६५९ पास टाकले, म्हणजे मरीनोपेक्षा ९५ अधिक, आणि त्याचे प्रमाण शंभरात ८.३ होते. मरीनोचे ८.५ चे प्रमाण तेवढ्याच ६५९ पासांना लावले तर ५६ येतात. यार्डांच्या बाबतीत तर काळानेच उत्तर दिले आहे. ५,००० चा टप्पा मरीनोनंतर थेट २००८ मध्ये ड्रू ब्रीसने ओलांडला आणि तोही ५,०६९ वर, विक्रमापासून १५ यार्ड अलीकडे थांबला. तीन वर्षांनी, २०११ मध्ये, ब्रीस ५,४७६, ब्रेडी ५,२३५ आणि मॅथ्यू स्टॅफर्ड ५,०३८ असे तिघे एकाच हंगामात त्या टप्प्यापलीकडे गेले. २०२१ पासून हंगाम १७ सामन्यांचा झाला आहे, तेव्हा इथून पुढची तुलना करताना एकूण बेरजेऐवजी दर सामन्याचा आकडा धरावा : मरीनोचे दर सामन्याला ३१७.८ यार्ड आणि बरोबर तीन टचडाउन पास.